चिमणीपासून पाच किलोमीटर

अणुभट्टीच्या चिमणीपासून मुलाचं घर किती लांब, हे जर्मन संशोधकांनी इतक्या बारकाईने मोजलं की चूक पडलीच तर पंचवीसेक मीटरची. सोळा अणुवीज प्रकल्पांचा परिसर, १९८० ते २००३ हा काळ, पाच वर्षांखालची कर्करोग झालेली १,५९२ मुलं आणि त्यांच्याशी ताडून पाहायला ४,७३५ इतर मुलं. माइन्झच्या बालकर्करोग नोंदणी केंद्राचे निष्कर्ष २००७ च्या अखेरीस बाहेर आले आणि जर्मनीत खळबळ उडाली.

पाच किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मुलांत ल्युकेमियाचा, म्हणजे रक्ताच्या कर्करोगाचा, धोका दुपटीहून जास्त दिसत होता.

दुप्पट म्हटलं की कुणाही आईबापांच्या पोटात गोळा येणारच. पण कशाच्या दुप्पट? चोवीस वर्षांत, सोळाही प्रकल्प मिळून, त्या वर्तुळांत ल्युकेमियाची ३७ मुलं सापडली; एरवी सुमारे १७ सापडली असती. म्हणजे वीस जास्त. ही वाढ निव्वळ योगायोगाची म्हणून झटकून टाकता येत नव्हती, आणि एवढ्या थोड्या मुलांवरून कारणही हाती लागत नव्हतं. शिवाय मोजलं होतं ते अंतर. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग नव्हे. प्रकल्पातून बाहेर पडणारा किरणोत्सर्ग जमिनीतून आणि अवकाशातून रोज मिळणाऱ्या किरणोत्सर्गाच्या हजारांश भागाहूनही कमी भरतो. तेवढ्याने ल्युकेमिया दुपटीवर जातो, हे आजच्या किरणजीवशास्त्रात बसत नाही. ही कबुली खुद्द त्या संशोधकांचीच.

मग वेगळं कारण? ब्रिटनमध्ये सेलाफील्ड अणुकेंद्राजवळच्या सीस्केल गावातल्या मुलांचा ल्युकेमिया १९८३ मध्ये दूरचित्रवाणीवरून गाजला, तेव्हाही हाच पेच होता. साथरोगतज्ज्ञ लिओ किनलेन यांनी १९८८ मध्ये निराळाच धागा पकडला. आडबाजूच्या वस्तीत बाहेरून माणसांचा लोंढा आला की एखादा साधा संसर्ग पसरतो आणि क्वचित एखाद्या मुलात त्याची परिणती ल्युकेमियात होते, असा त्यांचा तर्क. पुराव्यासाठी त्यांनी स्कॉटलंडमधलं ग्लेनरॉथिस हे नव्याने वसवलेलं शहर घेतलं. तिथे अणुभट्टी नव्हती, तरीही ल्युकेमिया वाढलेला होता. तो जंतू मात्र अजून सापडलेला नाही.

२०१२ मध्ये फ्रेंच संशोधकांनी दोन्ही मोजमापं शेजारी ठेवली. पाच किलोमीटरच्या आत ल्युकेमिया जवळजवळ दुप्पट. पण त्याच घरांची विभागणी अंतराऐवजी अंदाजित किरणोत्सर्गानुसार केली, तर वाढ दिसेनाशी झाली. अमेरिकेतही नवा अभ्यास आखला गेला होता. २०१५ मध्ये तिथल्या अणुनियामक आयोगाने वेळ आणि खर्चाचं कारण देऊन तो गुंडाळला.