तारापूर ‘फुटले’ तर? आधी त्यामागचे रसायन समजून घेऊ

जऊळक्यातील विहारात अभ्यासवर्ग संपल्यावर अकरावीच्या एका मुलाने विचारले, “दादा, तारापूरची अणुभट्टी फुटली तर हिरोशिमासारखं होईल का?”

नाही. वीज बनवणाऱ्या भट्टीतील इंधन बॉम्बसारखे फुटू शकत नाही. पण एवढे सांगून थांबलो तर तीही दिशाभूलच. 12 मार्च 2011 रोजी जपानमधील फुकुशिमाच्या पहिल्या भट्टीची इमारत उडाली, ती हायड्रोजनने. तारापूरच्या 1969 मध्ये सुरू झालेल्या पहिल्या दोन भट्ट्याही जनरल इलेक्ट्रिकच्याच आराखड्याच्या, उकळत्या पाण्यावर चालणाऱ्या. म्हणून हा हायड्रोजन आला कुठून, हे आपल्याला कळले पाहिजे.

युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्या झिर्कोनियमच्या मिश्रधातूच्या नळ्यांत भरलेल्या असतात. भट्टी बंद केली तरी त्या क्षणी पूर्ण शक्तीच्या सुमारे 6 ते 7 टक्के उष्णता निघत राहते. ती हळूहळू घटते, पण बटण दाबून थांबत नाही. फुकुशिमात त्सुनामीने वीज घालवली आणि पाणी आटत गेले. नळ्या 1200 अंश सेल्सिअसच्या पुढे तापल्या की झिर्कोनियम वाफेतला ऑक्सिजन झपाट्याने ओढून घेते. उरतो हायड्रोजन. एक किलो झिर्कोनियममागे सुमारे 490 लिटर! शिवाय या क्रियेतून आणखी उष्णता निघते. म्हणजे इंधनाला जपणारी नळीच आगीत तेल ओतते.

पुढचे अधिक विचित्र आहे. नियंत्रण कांड्यांतील बोरॉन कार्बाइड आणि त्याभोवतीचे पोलाद एकमेकांना भिडले की सुमारे 1250 अंशांनाच वितळू लागतात. एकटे पोलाद एवढ्यावर वितळत नाही. कांड्या आधी ओघळतात, इंधन उभेच राहते. नुसते पाणी ओतले तर अणुविखंडनाची साखळी पुन्हा सुरू होण्याचा धोका. म्हणून पाण्यात बोरिक आम्ल मिसळतात. युरेनियम ऑक्साइड वितळायला सुमारे 2850 अंश लागतात, पण वितळलेले झिर्कोनियम त्याला हजारएक अंश आधीच विरघळवू लागते. हा लगदा भांडे फोडून काँक्रीटवर पडला तर काँक्रीटही विघटित होते. त्यातून वाफ आणि कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि धातूशी गाठ पडली की पुन्हा हायड्रोजन, सोबत कार्बन मोनॉक्साइड.

फुकुशिमाच्या तीन भट्ट्यांत असा सुमारे 880 टन ढिगारा असल्याचा अंदाज आहे. नोव्हेंबर 2024 मध्ये त्यातला पहिला नमुना बाहेर आला, एक ग्रॅमही नव्हता.

फुकुशिमानंतर तारापूरच्या जुन्या भट्ट्यांभोवतीच्या हवाबंद कवचात नायट्रोजन भरण्याची शिफारस झाली; ऑक्सिजन नसेल तर हायड्रोजन पेटत नाही. उपाय चांगला आहे. पण फुकुशिमाच्या कवचातही नायट्रोजन होताच. हायड्रोजन तिथून गळून वरच्या इमारतीत साचला, आणि तिथे साधी हवा होती.

तेव्हा तारापूर असो की जैतापूर, निवेदन देताना “बॉम्ब फुटेल का” हे विचारू नका. उत्तर ‘नाही’ येईल आणि विषय संपेल. वीज गेली तर पाणी किती तास पुरेल आणि कवचाबाहेर गळलेला हायड्रोजन कुठे जाईल, हे लेखी विचारा.