ऑटोमॅटिक गाडीचे तेल : ‘सिंथेटिक’ शब्दाआधी नंबर पाहा

क्लचचे पेडल नसलेली गाडी ही आपल्याकडे एके काळी बड्या लोकांची चैन समजली जात असे. फेब्रुवारी २०१४ मध्ये मारुतीची सेलेरियो स्वस्त ऑटोमॅटिकसह बाजारात आली आणि हे चित्र बदलू लागले. आज अशी गाडी साध्या गॅरेजच्या दारातही उभी राहते. गॅरेज, स्पेअर पार्ट्स आणि ऑइलच्या धंद्यात आपल्या समाजातील कारागीर व दुकानदार मोठ्या संख्येने आहेत. आखातात अनेक वर्षे ऑटोमॅटिक गाड्यांवर हात बसवून कोकणात परतलेले मिस्त्रीही कमी नाहीत. म्हणून या गाड्यांच्या गिअरबॉक्सचे तेल, म्हणजेच एटीएफ, कसे निवडावे हा प्रश्न आता आपल्या रोजीरोटीचा प्रश्न झाला आहे.

गिऱ्हाईक येते आणि म्हणते, “पैशाचे पाहू नका, चांगले सिंथेटिक टाका.” दुकानदार फळीवरचा सर्वांत महाग लाल डबा काढून देतो. दोघांचीही नियत साफ असते. तरीही काही महिन्यांत गाडी गिअर बदलताना झटके देऊ लागते आणि बिल गिअरबॉक्स उघडण्यापर्यंत जाते. यात तेल वाईट नसते, ते त्या गिअरबॉक्सचे नसते. इंजिन ऑइलमध्ये थोडा फरक पडला तरी गाडी बहुधा निभावून नेते. एटीएफमध्ये ही सवलत मिळत नाही.

तेल एक, कामे चार

साध्या गिअरबॉक्समध्ये तेलाचे मुख्य काम दात्यांची झीज रोखणे एवढेच असते. ऑटोमॅटिकमध्ये हेच तेल टॉर्क कन्व्हर्टरमधून इंजिनची ताकद पुढे नेते, दाबाने व्हॉल्व्ह चालवून गिअर बदलते, दाते व बेअरिंग यांना वंगण देते आणि उष्णता वाहून कूलरपर्यंत पोहोचवते. शिवाय क्लचप्लेटा याच तेलात भिजलेल्या असतात. त्या किती लवकर पकडाव्यात आणि किती सावकाश, हे तेलात मिसळलेल्या रसायनांवर ठरते. पकड कमी पडली तर प्लेट घसरून जळते. पकड एकदम बसली तर गाडी झटका देते. कंपनीने प्लेट, स्प्रिंग आणि कॉम्प्युटर हे सारे एका ठरावीक तेलाच्या स्वभावाशी जुळवलेले असते. म्हणून एटीएफ हा त्या यंत्राचा एक पार्टच समजावा.

इतके नंबर आले कोठून?

पहिली मोठ्या प्रमाणावर तयार झालेली पूर्ण ऑटोमॅटिक व्यवस्था म्हणजे अमेरिकेच्या जनरल मोटर्सची हायड्रामॅटिक. ती १९३९ मध्ये जाहीर झाली व १९४० च्या ओल्डस्मोबिल गाड्यांवर आली. १९४९ मध्ये याच कंपनीने ‘टाइप ए’ नावाने तेलाचे मानक ठरवले आणि १९६० नंतरच्या दशकात ‘डेक्सरॉन’ हे नाव आले. फोर्डने मात्र उलटी वाट धरली. तिच्या ‘टाइप एफ’ तेलात पकड मऊ करणारी रसायने नव्हती, कारण फोर्डच्या प्लेटा घट्ट पकडीसाठी बनवल्या होत्या. दोन्ही तेले एकाच कामाची, तरी एकाचे दुसऱ्यात चालत नव्हते.

पकड मऊ करण्यासाठी त्या काळी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जाई. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत अमेरिकेने या माशाच्या रक्षणासाठी त्याच्या तेलावर बंदी आणली. कारखान्यांना नवी रसायने शोधावी लागली आणि मधल्या काळात गिअरबॉक्स बिघडण्याच्या तक्रारी वाढल्या. तेलातील एका लहानशा घटकाला यंत्रात किती महत्त्व असते, हे त्यातून दिसून आले.

पुढे जपानी, कोरियन व जर्मन कंपन्यांनी आपापली मानके काढली. टोयोटाचे टी-४ आणि त्यानंतरचे डब्ल्यूएस, होंडाचे झेड-१ आणि नंतरचे डीडब्ल्यू-१, ह्युंदाई व कियाचे एसपी-३ आणि एसपी-४ ही नावे आपल्या बाजारात नेहमी कानावर येतात. येथे एक खबरदारी घ्यावी. नंबर वाढला म्हणजे नवे तेल जुन्याच्या जागी चालेलच, असे नाही. डेक्सरॉन-६ हे २००५ मध्ये आले आणि डेक्सरॉन-३ च्या जागी ते चालते, असे खुद्द जनरल मोटर्सने सांगितले. डेक्सरॉन-३ चे परवाने तर तिने २००६ अखेर बंद केले. होंडाचे डीडब्ल्यू-१ सुद्धा झेड-१ च्या जागी चालते. परंतु टोयोटाचे डब्ल्यूएस पातळ असून ते टी-४ च्या जागी टाकू नये. ह्युंदाईच्या सहा गिअरच्या एसपी-४ मागणाऱ्या पेटीत जुने एसपी-३ टाकणे हीदेखील चूकच.

सिंथेटिक म्हणजे काय?

जमिनीतून निघालेले तेल साध्या रीतीने शुद्ध केले की खनिज तेल मिळते. तेच तेल हायड्रोजनच्या दाबाखाली तोडून, त्याचे रेणू नव्याने घडवून जे मिळते त्याला तिसऱ्या गटाचे तेल म्हणतात. रसायनापासून थेट बनवलेले पीएओ हे चौथ्या गटात येते, तर एस्टर वगैरे पाचव्यात. पूर्वी चौथा व पाचवा गट एवढ्यालाच सिंथेटिक म्हणत असत. अमेरिकेत मोबिल आणि कॅस्ट्रॉल यांच्यात यावरून वाद झाला व १९९९ मध्ये तेथील जाहिरात तपासणाऱ्या मंडळाने तिसऱ्या गटाच्या तेलालाही सिंथेटिक म्हणण्यास हरकत नाही, असा निर्णय दिला. तेव्हापासून डब्यावरच्या या एका शब्दावरून आत कोणत्या गटाचे तेल आहे, हे कळत नाही.

तरीही सिंथेटिकचा फायदा खरा आहे. ते कडाक्याच्या थंडीत कमी घट्ट होते. महाराष्ट्रात त्याची फारशी गरज नाही. आपल्या कामाचा गुण दुसरा आहे : ते उष्णतेत लवकर खराब होत नाही. ऑटोमॅटिकमधील तेल नेहमीच्या चालीत साधारण ८० ते ९५ अंशांवर असते. मुंबईच्या रहदारीत तासन्‌तास रांगत जाणे किंवा सामान भरून आंबा, कसारा, खंबाटकीसारखा घाट चढणे, यांत टॉर्क कन्व्हर्टर घसरत राहतो आणि तापमान बरेच वर जाते. तेलाच्या धंद्यातील जुना ठोकताळा असा की, तापमान दर १० अंशांनी वाढले की तेल खराब होण्याचा वेग सुमारे दुप्पट होतो. म्हणून भाड्याची, घाटातली किंवा वजन ओढणारी गाडी असेल तर सिंथेटिकचे जादा पैसे वसूल होतात.

नव्या गाड्यांत तर निवडीला फारसा वावच उरलेला नाही. इंधन वाचावे म्हणून तेले पातळ होत गेली. डेक्सरॉन-३ ची जाडी १०० अंशांवर ७ सेंटिस्टोकच्या वर असे. नव्या डेक्सरॉन-६ ला ६.४ ची कमाल मर्यादा आहे. इतके पातळ असूनही दीर्घकाळ टिकणारे तेल साध्या खनिज तेलापासून बनवणे अवघड आहे. थोडक्यात, गाडीच्या नंबरचे तेल घेतले की गरजेपुरते सिंथेटिक त्यात बहुधा आलेलेच असते. फक्त सिंथेटिक पाहून घेतले तर नंबर जुळेलच याची खात्री नसते.

आधी पेटी ओळखा

दुकानात सर्वाधिक गोंधळ येथेच होतो. पेडल नाही म्हणजे एटीएफ लागणारच, असे समजू नये. आपल्या रस्त्यांवर चार जातीच्या पेट्या आहेत.

पहिली एएमटी. मारुतीची ‘एजीएस’ यातलीच. आत साधी मॅन्युअल पेटीच असते, क्लच आणि गिअर मात्र यंत्र बदलते. तिला मॅन्युअलचे गिअर ऑइल लागते आणि यंत्राचे दाबाचे तेल वेगळे असते. ओळखण्याची सोपी खूण म्हणजे अशा बहुतेक गाड्यांच्या दांड्यावर पार्किंगचे ‘पी’ नसते.

दुसरी सीव्हीटी. हिच्यात पोलादी पट्टा दोन पुलींमध्ये दाबून फिरतो. पोलादावर पोलाद घसरू नये अशी पकड देणारे खास तेल हिला लागते. निस्सानचे एनएस-३ किंवा होंडाचे एचसीएफ-२ ही त्याची उदाहरणे. साधे एटीएफ टाकले तर पट्टा घसरून पुली खरवडली जाण्याचा धोका असतो.

तिसरी दोन क्लचची डीसीटी. फोक्सवॅगनच्या सहा गिअरच्या ओल्या क्लचच्या पेटीचे तेल खास असून ते साधारण ६०,००० किलोमीटरला बदलण्याचे वेळापत्रक आहे. त्याच गटाच्या सात गिअरच्या कोरड्या क्लचच्या पेटीत गिअरचे तेल व मेकॅट्रॉनिकचे तेल वेगवेगळे असते.

चौथी म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची खरी ऑटोमॅटिक. एटीएफ हिच्यासाठी असते. कोणते, ते गाडीच्या पुस्तकात लिहिलेले असते. ज्या गाडीला डिपस्टिक असते तिच्या दांडीवर किंवा टोपणावरही बहुधा छापलेले असते. पुस्तक हरवले असेल तर चासी नंबरवरून कंपनीच्या पार्ट्सच्या काउंटरवर विचारून घ्यावे. रंगावर मुळीच जाऊ नये. गळती इंजिनची की गिअरबॉक्सची हे ओळखता यावे म्हणून लाल रंग मुद्दाम मिसळला गेला. तो दर्जाची खूण नव्हे. काही कंपन्यांची तेले हिरवी वा पिवळसरही असतात.

डबा घेताना

सर्व गाड्यांना चालणारे ‘मल्टी-व्हेइकल’ एटीएफ फळीवर ठेवणे दुकानदाराला परवडते, कारण दहा जातींत पैसा अडकत नाही. चांगल्या कंपनीचे असे तेल सरसकट वाईटही नसते. मात्र डब्यामागची बारीक अक्षरे वाचावीत. ‘अप्रूव्ह्ड’ किंवा ‘लायसन्स्ड’ लिहिले असेल तर गाडीच्या कंपनीने तपासून मान्यता दिलेली असते. ‘सुटेबल फॉर’ म्हणजे हा फक्त तेल बनवणाऱ्याचा दावा आहे. डेक्सरॉन-६ च्या परवानाधारक डब्यावर ‘जे’ अक्षराने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. वॉरंटीतल्या गाडीत मान्यता नसलेले तेल टाकून जोखीम आपल्या गळ्यात घेऊ नये.

बनावट मालाचाही विचार व्हावा. आपल्या कायद्याप्रमाणे बंद डब्यावर बनवणाऱ्याचे किंवा आयात करणाऱ्याचे नाव-पत्ता, माप, किंमत आणि उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष असायलाच हवे. यांतले काही नसेल तर तो माल स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ट्रेडमार्क कायदा १९९९ नुसार बनावट नावाचा माल विकणाऱ्यालाही सहा महिने ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. घाऊक व्यापाऱ्याकडून पक्के बिल घेणे ही तुमचीच ढाल आहे.

बदलताना

तेल कधी बदलावे, यावरही मतभेद आहेत. काही कंपन्या ‘आयुष्यभराचे तेल’ म्हणतात. पण अनेक महागड्या गाड्यांचे गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ कंपनी स्वतःच ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा आठ वर्षांनी बदल सुचवते. वापर जड असेल तर पुस्तकातला जड वापराचा तक्ता पाहावा.

बोल्ट काढून तेल सोडले तर सर्व तेल निघत नाही. बरेचसे कन्व्हर्टरमध्ये राहते. म्हणून एका बदलाने पेटीत सगळे नवे तेल आले, असे गिऱ्हाइकाला सांगू नये. जेवढे निघाले तेवढे मोजून भरावे आणि मग पातळी तपासावी. तपासण्याची रीत गाडीगणिक वेगळी असते. कोठे इंजिन चालू ठेवून, कोठे बंद करून, तर डिपस्टिक नसलेल्या पेटीत ठरावीक तापमानावर बोल्ट उघडून पातळी पाहतात. कमी तेल जितके वाईट तितकेच जास्तही, कारण जादा तेलाला फेस येतो आणि दाब पडतो.

एक गोष्ट कामाला हात लावण्यापूर्वीच करावी. जुने तेल पांढऱ्या कागदावर टाकून पाहावे. ते काळे असेल, जळका वास येत असेल, गाडी आधीच घसरत असेल, तर प्लेटा गेलेल्या असतात. नवे सिंथेटिक तेल त्यांना परत आणत नाही. हे गिऱ्हाइकाला आधी सांगावे आणि जॉबकार्डवर लिहून सही घ्यावी. नाहीतर दुसऱ्याच्या हयगयीने मेलेला गिअरबॉक्स तुमच्या नावावर लागतो.

काढलेले तेल गटारात सोडू नये. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात मोडते आणि परवाना असलेल्या पुनर्वापर करणाऱ्यालाच देता येते.

शेवटी बिलाविषयी. ‘एटीएफ, चार लिटर’ एवढेच न लिहिता कंपनी, मानकाचा नंबर आणि किलोमीटरचा आकडा बिलावर घालावा. पुढचा मिस्त्री तेच तेल वापरू शकेल, गिऱ्हाइकाच्या हातात पुरावा राहील आणि वाद झाला तर तुमच्या सचोटीची साक्ष तो कागद देईल. या व्यवसायात शोरूमशी टक्कर द्यायची तर ती स्वस्ताईने फार काळ देता येणार नाही. बरोबर नंबरचे तेल, मोजून भरलेले आणि बिलावर लिहिलेले, एवढ्या बळावर मात्र गल्लीतले गॅरेजही तिच्या बरोबरीने उभे राहू शकते.