यंत्रासाठीं केलेल्या खुणा

(नभोवाणीवर झालेलें भाषण)

लहान मुलाला गाय ओळखावयास शिकवावयाचें असेल, तर फारसे श्रम पडत नाहींत. रस्त्यानें जातांना आई एकदां बोट दाखवून म्हणते, "ती बघ गाय". दुसऱ्या वेळीं कदाचित् पुन्हां म्हणावें लागतें. तिसऱ्या वेळीं मूलच आईला गाय दाखवितें. गाय कोठें संपते आणि पाठीमागची भिंत कोठें सुरू होते, हें त्या माउलीला कधीं सांगावें लागत नाहीं. संगणकाला मात्र तें सांगावें लागतें. त्याच्या लेखीं चित्र म्हणजे केवळ आंकड्यांचा तक्ता. त्यांतले कोणते आंकडे गाईचे व कोणते भिंतीचे, हें कोणीतरी माणसानें हजारों चित्रांवर खूण करून दाखवावें, तेव्हां कोठें त्याला गाय 'दिसूं' लागते. या कामाला धंद्यांतले लोक 'अ‍ॅनोटेशन' म्हणतात. आपण त्याला सरळ खुणा करणें म्हणूं. या खुणा ज्या सॉफ्टवेअरनें करतात, त्यांत गेल्या कांहीं वर्षांत मोठा पालट झाला आहे, आणि त्यामुळें खूण करणाऱ्या माणसाच्या कामाचें स्वरूपच बदललें आहे.

खुणांचे प्रकार अनेक आहेत. चित्राला नुसतें नांव देणें हा सर्वांत सोपा. वस्तूभोंवतीं चौकट आखणें ही त्यापुढची पायरी. आणि वस्तूच्या कडेकडेनें बिंदूमागून बिंदू देत तिची बाह्याकृति पुरी करणें हें सर्वांत कष्टाचें. श्रोतेहो, झाडामागें अर्धवट लपलेल्या सायकलीची कड अशी काढून पाहिल्यास या कामाची कल्पना येईल. २०१४ सालीं 'कोको' नांवाचा चित्रसंग्रह प्रसिद्ध झाला. त्यांत ३ लाख २८ हजार चित्रें असून त्यांतील सुमारें २५ लाख वस्तूंवर खुणा केलेल्या आहेत. त्याला माणसांचे ७० हजारांहून अधिक तास लागले. एकाच माणसानें रोज आठ तास, वर्षाचे तीनशें दिवस हें काम केलें असतें, तर २९ वर्षें लागलीं असतीं. शिक्षकाची जवळजवळ सारी नोकरी तेवढ्यांत संपते! पुढें २०१६ सालीं जर्मनी व आसपासच्या ५० शहरांतील रस्त्यांचा 'सिटीस्केप्स' हा संग्रह निघाला. त्यांतील ५ हजार चित्रांवर बारकाईनें खुणा केलेल्या आहेत, आणि त्या करून तपासण्यास दर चित्रामागें सरासरी दीड तासाहून अधिक वेळ लागला.

वेळ वांचविण्याची पहिली युक्ति अगदीं साधी होती. चौकट आखतांना आपण तिच्या कोपऱ्यापासून आरंभ करतों. परंतु गाईभोंवतींच्या चौकटीचा कोपरा गाईवर नसतोच, तो हवेंत असतो. त्यामुळें जागा अंदाजानें ठरवावी लागते आणि मग चौकट पुनःपुन्हां सरकवावी लागते. २०१७ सालीं कांहीं संशोधकांनीं असें सुचविलें कीं कोपरे सोडून द्यावे, आणि वस्तूचा सर्वांत वरचा, खालचा, डावा व उजवा असे चार बिंदू वस्तूवरच दाखवावे. चौकट त्यांवरून आपोआप होईल. एका चौकटीला पूर्वीं सुमारें ३५ सेकंद लागत, ते या रीतीनें ७ वर आले. यंत्राची शक्ति यांत कांहींच वाढली नव्हती. माणसाच्या डोळ्याला काय सोपें जातें एवढाच विचार झाला होता.

खरी क्रांति २०२३ सालीं झाली. 'मेटा' कंपनीनें 'सेगमेंट एनीथिंग' नांवाची प्रणाली प्रसिद्ध केली. हिच्यांत वस्तूवर एक टिचकी मारली कीं तिची सबंध कड यंत्रच सुचवितें. कड चुकून भिंतीवर गेली, तर भिंतीवर 'हें नव्हे' अशी दुसरी टिचकी मारावयाची, कीं रेषा मागें सरते. ही प्रणाली तयार होत असतांनाच खूण करणारे तिचा उपयोग करीत होते. त्यांच्या खुणांनीं ती सुधारे आणि सुधारली कीं त्यांचें काम हलकें करी. त्या पहिल्या टप्प्यांतच एका आकृतीला लागणारा वेळ ३४ सेकंदांवरून १४ वर आला. शेवटीं १ कोटी १० लाख चित्रांवर ११० कोटी आकृति जमल्या, आणि त्यांपैकीं ९९ टक्क्यांहून अधिक यंत्रानें माणसाच्या हाताशिवाय काढलेल्या होत्या.

चलच्चित्राची गोष्ट याहून बिकट. सेकंदाला २५ चित्रें धरलीं, तर एका मिनिटाचीं १५०० होतात. जुन्या सॉफ्टवेअरांत यावर एक तोड होती. पहिल्या चित्रांत मोटारीभोंवतीं चौकट आखावी, विसाव्यांत पुन्हां आखावी. मधल्या अठरा चौकटी यंत्र सरळ रेषेंत, समान अंतरानें मांडून देई. मोटार सरळ चालली असेल तोंवर हें ठीक. पण कुत्रें रस्ता ओलांडतांना मध्येंच थबकलें, मागें वळलें, तर चौकट आपली पुढें चालतच राही आणि कुत्रें बाहेर! २०२४ सालच्या दुसऱ्या आवृत्तींत यंत्राला मागल्या चित्रांची स्मृति दिलेली आहे. एका चित्रांत वस्तु दाखविली कीं पुढील चित्रांत तें तिचा माग काढतें. वस्तु खांबाआड गेली व पुन्हां बाहेर आली, तरी पुष्कळदां ओळखतें. दर चित्रामागें लागणारा वेळ यानें सुमारें ३८ सेकंदांवरून साडेचारवर आला. आपल्या एका मिनिटाच्या चित्रपटांतील एकाच वस्तूचा हिशेब केला, तर जेथें पावणेसोळा तास लागते तेथें दोन तासांच्या आंत काम होतें.

येथवर सारा फायदाच दिसतो. परंतु ज्यानें उत्तरपत्रिका तपासल्या आहेत, त्याच्या मनांत येथें एक शंका आल्यावांचून राहणार नाहीं. एकाच उत्तरपत्रिकेवर दोन परीक्षकांचें मत हवें असेल, तर पहिल्याचे तांबडे आंकडे दुसऱ्याला दिसूं देऊं नयेत, असें आम्हां शिक्षकांत मानतात. दिसले, कीं प्रामाणिक मनुष्याचाही हात त्यांच्याकडे वळतो. खूण करणारा पूर्वीं रेषा काढीत असे. आतां तो यंत्रानें काढलेली रेषा मान्य किंवा अमान्य करतो. काढणाऱ्याला पाहावेंच लागतें. मान्य करणाराला न पाहतांही भागवितां येतें. त्यांतून नगावर पैसे मिळत असले, तर 'ठीक आहे' हें बटण दाबण्याचा मोह किती होत असेल, हें सांगावयास नको.

ही भीति निव्वळ कल्पनेची नाहीं. २००९ सालीं प्रथम मांडल्या गेलेल्या 'इमेजनेट' या प्रसिद्ध संग्रहाचें काम करतांना माणसांना 'हें काय आहे?' असें विचारलेलें नव्हतें. 'यांत अमुक वस्तु आहे का?' असें विचारलें होतें. म्हणजे उत्तर प्रश्नांतच सुचविलेलें. २०२१ सालीं कांहीं संशोधकांनीं अशा दहा नामांकित संग्रहांतील परीक्षेचीं चित्रें व इतर नमुने पुन्हां तपासले, तेव्हां सरासरी निदान ३.३ टक्के नांवें चुकलेलीं आढळलीं. इमेजनेटच्या तपासणी-भागांत हें प्रमाण निदान ६ टक्के निघालें. ज्या मापानें यंत्रांची परीक्षा घ्यावयाची, तें मापच इतकें खोटें!

यावर सॉफ्टवेअर करणारांनीं उपाय योजले आहेत, आणि माझ्या मतें नव्या सोयींत खरें मोल यांचेंच आहे. 'इंटेल'नें २०१८ सालीं सर्वांस मोकळें करून दिलेलें 'सीव्हॅट' हें सॉफ्टवेअर या धंद्यांत पुष्कळ वापरतात. त्यांत आतां एकच चित्र दोघांतिघांना निरनिराळें देऊन त्यांच्या खुणा ताडून पाहतां येतात. ताडण्याची रीत सुबोध आहे : दोन्ही आकृतींत समाईक असलेलें क्षेत्र काढावें आणि त्याला दोहोंनीं मिळून व्यापलेल्या एकूण क्षेत्रानें भागावें. उत्तर एक आलें तर पूर्ण एकमत. शून्य आलें तर दोघांनीं वेगळ्याच जागा दाखविल्या. दुसरा उपाय म्हणजे, ज्यांचीं बरोबर उत्तरें आधींच ठाऊक आहेत अशीं चित्रें कामांत गुपचूप मिसळून द्यावयाचीं. यास ते 'हनीपॉट', म्हणजे मधाचें भांडें, म्हणतात. मात्र पहिल्या उपायांत एक मेख आहे. तिघांनाही यंत्रानें एकच रेषा सुचविली असेल आणि तिघांनींही ती मान्य केली असेल, तर त्या एकमताला साक्षीपुराव्याची किंमत नाहीं. एकाच वहीवरून उतरवून घेतलेलीं तीं तीन उत्तरें होत. म्हणून परीक्षेसाठीं राखून ठेवलेल्या चित्रांवर तरी यंत्राची सूचना बंद ठेवून माणसाला कोऱ्या चित्रावर काम करूं द्यावें, असें मला वाटतें. त्यानें खर्च वाढतो हें खरें.

आणखी एक नवी सोय अशी कीं, वस्तूचें नांव शब्दांत लिहिलें कीं त्या नांवाच्या सर्व वस्तूंवर यंत्र आपण होऊन खुणा सुचवितें. पण कोणतीं नांवें लिहावयाचीं, ही यादी माणसालाच करावी लागते, आणि ती जागोजाग बदलते. सिटीस्केप्सच्या यादींत मोटार, बस, आगगाडी, सायकल, किंबहुना मोटारीमागें ओढावयाचें फिरतें घरदेखील आहे, ऑटोरिक्षा नाहीं. ती तेथल्या रस्त्यांवर कशाला असेल? २०१८ सालीं हैदराबादच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेंतील मंडळींनीं हैदराबाद, बंगळूर व त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवरील १० हजार चित्रांचा संग्रह केला, तेव्हां ३४ नांवांच्या त्यांच्या यादींत ऑटोरिक्षेला स्वतंत्र जागा द्यावी लागली. त्याहून लक्षांत घेण्यासारखें नांव दुसरेंच आहे. आपल्याकडे डांबर संपलें म्हणजे रस्ता संपत नाहीं; पुढें मातीची पट्टी असते, आणि समोरून बस आली कीं सर्व वाहनें खुशाल तिच्यावर उतरतात. यंत्राचा कल रंग जेथें ठळक बदलतो तेथें, म्हणजे डांबराच्या कांठाशीं, रेषा ओढण्याचा. त्या रेषेपलीकडेही गाडी चालते, हें ज्यांनीं त्या रस्त्यांवर गाड्या चालविल्या होत्या त्यांना ठाऊक होतें. म्हणून रस्त्यालगतच्या या चालण्याजोग्या जागेला त्यांनीं वेगळें नांव देऊन तिच्या खुणा निराळ्या केल्या.