पाचला लॉगआउट, सातला धरण!

बोस्टनच्या चार्ल्स नदीत, प्रवाहाविरुद्ध, एकट्याने वल्हवत घालवलेली संध्याकाळ

ऑफिस सुटल्यावर जिम, मॉल, मल्टिप्लेक्स नाहीतर नुसतंच ट्रॅफिक. यापलीकडे काही असतं का? बोस्टनला ऑनसाइट आल्यावर मला एक पर्याय सापडला. नदी! इथल्या आयटीवाल्यांच्या खिडक्यांतून दिसणारी चार्ल्स. लांबी सुमारे १२९ किलोमीटर. उन्हाळ्यात काठावर चक्क भाड्याने कयाक मिळते आणि जूनअखेर सूर्य मावळतो साडेआठच्या आसपास. म्हणजे पाचला लॉगआउट केलं की तीन तास आपले.

माझा लाडका रूट ब्रायटनच्या काठावरून निघतो आणि पाचेक किलोमीटर वर, वॉटरटाउनच्या धरणापाशी संपतो. एकट्यानेच का? कारण दोघं असलो की अर्ध्या तासात प्रोजेक्ट मॅनेजरचा विषय निघतोच. आणि आधी प्रवाहाविरुद्ध का? सोपा फंडा आहे. अंगात दम असताना मेहनत करायची, दमल्यावर नदीच परत आणून सोडते.

सुरुवातीला मात्र डोळे उघडे ठेवावे लागतात. आठ-आठ जणांच्या लांबलचक शर्यतीच्या होड्या बाणासारख्या येतात. १९६५ पासून दर ऑक्टोबरात होणारी 'हेड ऑफ द चार्ल्स' ही शर्यत याच नदीवरची, त्यामुळे इथे सराव कायम चालू. नियम एकच, आपल्या उजव्या हाताला राहायचं. डावीकडून गाडी चालवणाऱ्या आपल्यासारख्यांना तो मुद्दाम लक्षात ठेवावा लागतो. वल्हं मारायचं तेही दंडाने नाही, कमरेतून वळून. दिवसभर खुर्चीत आखडलेली पाठ दहा मिनिटांत मोकळी होते.

आर्सेनल स्ट्रीटच्या पुलापर्यंत काठावरच्या गाड्यांचा आवाज सोबत असतो. नॉर्थ बीकन स्ट्रीटचा पूल ओलांडला की नदी हळूहळू अरुंद होते, झाडं पाण्यावर वाकतात. उजवीकडे पर्किन्स अंधशाळेचा मनोरा दिसतो. हेलन केलर ज्या संस्थेत शिकली, तीच ही. १९१२ पासून ती इथे आहे. ओंडक्यांवर कासवं, पंख वाळवणारे पाणकावळे आणि मी. मोबाइल वॉटरप्रूफ पिशवीत. यार, शहराच्या इतक्या आत इतकी शांतता!

शेवटी पाणी उथळ होतं, तळाचे दगड दिसू लागतात, प्रवाह जोर धरतो आणि समोर धरण. धरण म्हणून कोयना डोळ्यांसमोर आणू नका. हा आपल्या बंडगार्डनसारखा बुटका बंधारा. १७व्या शतकापासून या जागी गिरण्यांसाठी पाणी अडवलं जायचं. गिरण्या गेल्या, भिंत राहिली. मेमध्ये आलात तर खालच्या पाण्यात हेरिंग माशांची झुंबड दिसते. आपल्या पाल्याचे, म्हणजे हिलशाचे हे चुलत भाऊ. समुद्रातून गोड्या पाण्यात अंडी घालायला येतात. बाजूला त्यांच्यासाठी जिना बांधलाय, पण तो सगळ्यांनाच सापडतो असं नाही. वर रातबगळे टपलेले असतात. म्हणूनच १९६५ साली स्थापन झालेली 'चार्ल्स रिव्हर वॉटरशेड असोसिएशन' हा बंधारा काढून टाका म्हणते.

गंमत म्हणजे, मी ज्या संथ पाण्यावर वल्हवत येतो तेही धरणाचीच देणगी. १९१० साली मुखाजवळ धरण झालं आणि भरती-ओहोटीच्या चिखलाच्या जागी गोड्या पाण्याचा तलाव तयार झाला. एका भिंतीने मला वाट दिली, दुसरीने माशांची अडवली.

आणि हे पाणी पूर्वी असं नव्हतं. एके काळी चार्ल्समध्ये पडलेल्याला धनुर्वाताचं इंजेक्शन घ्यायला पाठवत. १९९५ मध्ये अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने नदीला 'डी' ग्रेड दिली. अप्रेझलमध्ये ती मिळाली तर आपलं काय होईल? पण कोर्टकचेऱ्या झाल्या, सांडपाण्याच्या वाहिन्या बदलल्या, दरवर्षी जाहीर प्रगतिपुस्तक निघू लागलं. २०१३ मध्ये ग्रेड 'ए मायनस'वर पोचली आणि त्याच वर्षी पन्नासहून अधिक वर्षांनी लोक अधिकृतपणे इथे पोहले. मोठ्या पावसात अजूनही मैलापाणी मिसळतं, पण नदी सुधारली हे नक्की.

जाणार असाल तर...

* लाइफ जॅकेट अंगात घाला, नुसतं होडीत ठेवू नका. १५ सप्टेंबर ते १५ मे या काळात तर तो कायदाच आहे.
* शिट्टी जवळ ठेवा. कुठे जाताय, कधी परतणार, हे कुणालातरी सांगून निघा.
* भाड्याची कयाक परत करायची वेळ आधीच विचारून घ्या. अंधाराआधी काठाला लागा.
* बंधाऱ्याच्या पायथ्याशी जाऊ नका. कोसळणारं पाणी उलटं फिरून होडीला भिंतीकडे ओढतं. बुटका बंधारा दिसतो गरीब, असतो धोकेबाज. बरंच अलीकडे थांबा.
* जोरदार पाऊस झाल्यावर दोन दिवस सुट्टी.

परतीला वल्हं नुसतं टेकवलं तरी होडी सरकते. सूर्य पाठीशी, पाणी सोनेरी. अशा वेळी मला हमखास मुठा आठवते. रोज तिच्या पुलावरून जाताना आपण काच वर करतो. चार्ल्सकडेही लोक असंच नाक मुरडत होते. तिला तीन दशकांत 'डी'वरून वर आणता येतं, तर आपल्या नदीचं प्रगतिपुस्तक कुणी मागायचं?