खटल्याच्या अलीकडे, पलीकडे

डॉ. रखमाबाईंचं नाव निघालं की बोलणं थेट कोर्टात जातं. अकराव्या वर्षी लग्न, सासरी नांदायला नकार, पती दादाजी भिकाजी यांनी १८८४ मध्ये लावलेला दावा आणि १८८७ चा निकाल : नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंगात. पुढच्या वर्षी दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. चारेक वर्षांचं प्रकरण. रखमाबाईंना आयुष्य लाभलं नव्वद वर्षांचं.

त्यांच्या डॉक्टरकीचं मूळ माहेरात आहे. आई जयंतीबाई सतराव्या वर्षी विधवा झाल्या, तेव्हा रखमाबाई अडीच वर्षांच्या होत्या. सुतार जातीत विधवेच्या पाटाला मुभा होती. पहिल्या नवऱ्याची मालमत्ता मुलीच्या नावे करून जयंतीबाईंनी पुढे डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी संसार मांडला.

हे सखाराम अर्जुन मोठे गुणी. ग्रँट मेडिकल कॉलेजात ते वनस्पतिशास्त्र शिकवत. मुंबईतल्या औषधींची त्यांची सूची १८७९ ची. १८८३ मध्ये बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ जणांत हिंदी दोघेच : डॉ. आत्माराम पांडुरंग आणि हे. सावत्र मुलगी वयात येताच गर्भाधानाची बोलणी सुरू झाली, तेव्हा एवढ्या लवकर संसार नको म्हणून ते अडून बसले. पुढे कोर्टात गाजलेल्या नकाराची सुरुवात अशी एका डॉक्टरच्या हरकतीतून झाली. एप्रिल १८८५ मध्ये ते गेले. न्यायमूर्ती पिन्ही यांनी सप्टेंबरात रखमाबाईंच्या बाजूने दिलेला निकाल त्यांना पाहायला मिळाला नाही, आणि अपिलात तो उलटलाही.

१८८९ मध्ये रखमाबाई विलायतेला गेल्या, त्या १८९४ मध्ये डॉक्टर झाल्या. कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पीची यांचं पाठबळ होतं. परतल्यावर सुरतेच्या बायकांच्या दवाखान्याची सूत्रं हाती आली. लवकरच मुंबई इलाख्यात प्लेगने थैमान घातलं, पण त्यांनी सुरत सोडली नाही. दवाखान्यात बाळंत व्हायला बायका धजावत नसत. तेव्हा रखमाबाईंनी एका गाभण शेळीला दवाखान्यात आणून विऊ दिलं आणि ‘बघा, हिला काही झालं का?’ असं विचारलं, अशी आठवण सांगतात. सुरतेनंतर राजकोट. जवळपास पस्तीस वर्षांची नोकरी करून त्या १९३० च्या सुमारास मुंबईला परतल्या. १९५५ मध्ये त्यांचं निधन झालं.

१९०४ मध्ये दादाजी वारले, तेव्हा याच बाईंनी विधवेचं पांढरं लुगडं नेसलं. एका कप्प्यात बसणारं हे आयुष्य नव्हे.

१८९१ च्या कायद्याने मुलींचं संमतिवय दहावरून बारावर आलं, त्यामागच्या वादाला या खटल्याने धार आणली, हे खरंच. पण रखमाबाईंवर यापुढे लिहिणाऱ्यांनी सुरुवात कोर्टातून न करता सुरतेच्या दवाखान्यातून करावी. त्यांची कर्तबगारी तिथे आहे.