सहा हरणांची सहाशे

हरणे पाहावयास मी दिल्लीस गेलो असे म्हटले तर ते पूर्ण सत्य होणार नाही. संपादकांनी मला धाडले होते ते एका कज्ज्याच्या निमित्ताने, आणि कज्जा म्हटला की दप्तरे, दाखले व तारखा यांतच दिवस जावयाचे, अशी मनाची तयारी करूनच मी हौज खासच्या मृगोद्यानात शिरलो. आत शिरताच दृष्टीस पडली ती हरणे नव्हेत, तर झाडे. कुंपणाच्या आतील प्रत्येक झाडाचा पाला एका विवक्षित उंचीपर्यंत, जणू दोरी धरून छाटल्यासारखा, नाहीसा झालेला होता. ती करामत माळ्याच्या कात्रीची नव्हती. मागच्या पायांवर उभे राहून चितळ मान ताणते तेथवर जे जे हिरवे होते ते ते संपलेले होते, आणि रेषेच्या खाली उघडी खोडे नि तुडवलेली माती एवढेच उरले होते.

स्थळाचा इतिहास थोडक्यात आटोपतो. अलाउद्दीन खिलजीचा तलाव आणि त्याच्या काठचा फिरोजशहा तुघलकाचा मदरसा यांच्या शेजारी, 1960 च्या दशकात, सहा चितळे आणून सोडण्यात आली. पुढे उद्यानास दिल्लीचे पहिले नायब राज्यपाल आदित्यनाथ झा यांचे नाव मिळाले, आणि त्या सहांची संख्या सहाशेच्या घरात गेली. सहाचे सहाशे म्हणजे शंभरपट. परंतु दुपटीच्या हिशेबाने पुऱ्या सात दुपटीही भरत नाहीत, आणि त्या साठ वर्षांत वाटल्या तर नऊ वर्षांस एक पडते. सावकारी व्याजही याहून जलद वाढते! मादीला गर्भ सुमारे आठ महिने, एका वेळी बहुधा एकच पाडस. कळपाने कोणताही अतिरेक केलेला नाही, त्याने केवळ खंड पडू दिला नाही.

वैरण टाकणारा एक कामगार मजजवळ उभा राहिला, आणि दाण्याच्या गव्हाणीशी आलेल्या एका नराकडे त्याने न बोलता बोट दाखविले. शिंगे पुरी फुटलेली होती, पण त्यांवर अजून बारीक तपकिरी लव होती; मखमल म्हणतात ती हीच. या काळात शिंगात रक्त खेळत असते, आणि धक्का लागला तर ते भळभळते. त्याच्या शेजारचा नर मात्र वाळक्या, टणक शिंगांनी कुंपणाचा खांब घाशीत होता, आणि तिसऱ्याच्या कपाळावर नुसते खुंट होते. विलायती तांबड्या हरणांचा माजाचा व शिंगे झडण्याचा ऋतू ठरलेला असतो. चितळांच्या कळपात या साऱ्या अवस्था एकाच वेळी नांदतात, आणि हरणे हलविण्यास निर्धोक असा महिना पंचांगात सापडत नाही.

हरीण पकडणे म्हणजे काय, हे मला येथे प्रथम उमगले. आपल्याकडील पारध्याची वाघूर हरणास अडकवी. पण अडकलेले हरीण जिवंत न्यावयाचे असेल तर तीच वाघूर त्याचा काळ ठरते. पळून, धडपडून, भयाने त्याचे स्नायू आतून विरघळू लागतात, आणि वरून धडधाकट दिसणारे जनावर दोन-चार दिवसांनी मरते. म्हणून मध्य प्रदेशच्या अरण्यांत चितळे एका वनातून दुसऱ्यात नेताना ‘बोमा’ वापरतात. शब्द आफ्रिकेचा, अर्थ आपल्या कोंडवाड्याजवळचा. आणि युक्ती 1960 च्या दशकात यान ऊलोफसे यांनी दक्षिण आफ्रिकेच्या नाताळ प्रांतात बसविलेली. रुंद तोंडाचे, आत आत निमुळते होत जाणारे नरसाळे उभारावयाचे; त्याच्या भिंती दगडाच्या नव्हेत, लोखंडाच्याही नव्हेत, साध्या अपारदर्शक कापडाच्या. जाळीपलीकडे मोकळे रान दिसले की हरीण तिच्यावर झेप घेते आणि मान मोडून घेते. कापडापलीकडे काहीच दिसत नाही, म्हणून जे एका धडकेने फाडता येईल त्यास ते स्पर्शही करीत नाही, आणि दिसेल त्या एकाच वाटेने पुढे जाते. मागे एकेक पडदा हलकेच ओढला जातो, आणि वाट संपते ती चढणीवरून थेट गाडीच्या अंधाऱ्या पेटीत. हात कोणाचा लागत नाही, औषधाची सुई टोचत नाही. त्याआधी मात्र कित्येक दिवस तेथे चारा टाकून त्यांची भीड मोडावी लागते. एवढ्या अल्प साधनाने एवढे सौम्य कार्य साधणारे यंत्र मी क्वचितच पाहिले असेल, जरी त्यात यंत्र म्हणावे असे काहीच नाही.

लंडनच्या रिचमंड पार्कात याची गरजच पडत नाही. पहिल्या चार्ल्सने 1637 मध्ये कुंपण घातलेल्या त्या अडीच हजार एकरांत सहाशेतीसच्या आसपास हरणे राखतात, आणि दरवर्षी नोव्हेंबर व फेब्रुवारीत, रात्री दरवाजे बंद करून, कुशल बंदूकधारी वाढावा कमी करतात. आमच्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो मार्ग बंद आहे, आणि तो उघडावा असे मलाही वाटत नाही. अमेरिकेत फायर आयलंडवर 1993 पासून हरिणींना संततिनियमनाची लस टोचण्याचा प्रयोग झाला. पण ज्या मादीस ती टोचली तीच पुन्हा ओळखून मात्रा द्यावयाची म्हणजे सहाशे ठिपकेदार अंगांची वही ठेवणे आले. नर-मादी वेगळे ठेवणे हा उपाय सर्वांत स्वस्त. मधोमध एक कुंपण पुरे, मात्र ते कळप लहान असतानाच घालावे लागते.

आणि मग, ज्यासाठी मी आलो होतो, तो कज्जा. 2023 मध्ये केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाने लघु प्राणिसंग्रहालय म्हणून उद्यानाची मान्यता काढून घेतली. वाढती संख्या आणि रक्तसंबंधांतील संतती ही कारणे. राजस्थानचे रामगढ विषधारी व मुकुंदरा हे व्याघ्रप्रकल्प आणि दिल्लीचेच असोला भट्टी अभयारण्य, अशी वाटणी ठरली, आणि अडीचशेहून अधिक हरणे राजस्थानात रवानाही झाली. तेव्हा एका निसर्गप्रेमी संस्थेने दाद मागितली. गाभण माद्या, पाडसे आणि मखमली शिंगांचे नर दाटीवाटीने नेले, अशी तिची तक्रार होती. जे जनावर माणसाच्या हातचे दाणे खात वाढले, त्याने वाघाचा वास कोणापासून शिकावयाचा, हा प्रश्न माझ्याही मनात घोळत होता. जंगली चितळास तो आईच शिकविते, आणि या कळपात कित्येक पिढ्यांत तशी आई झालेली नाही. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्थलांतर तहकूब करून केंद्रीय उच्चाधिकार समितीस उद्यानाची व राजस्थानातील जागांची पाहणी करण्याचा हुकूम दिला. तहकुबीचा हुकूम गाड्यांना लागू होतो. विणीला लागू होत नाही.

निघताना कामगार गव्हाणीत उरलेला दाणा झाडीत होता. मघाचा मखमली नर अजून तेथेच होता. एका पाडसाने त्याच्या पोटाखालून तोंड घालून दाणे टिपले, आणि त्या कामगाराने, सवयीनेच असावे, पाडसापुरती मूठभर वैरण बाजूला टाकली.