प्रसारणाची परिभाषा आणि श्रोत्याचे स्थान

देवकीच्या वरातीत कंसाने जी आकाशवाणी ऐकली, तिचा एक विशेष सहसा लक्षात घेतला जात नाही. ती वाणी ऐकू येत होती. परंतु तिला उलट प्रश्न विचारण्याची सोय नव्हती. म्हैसूर येथे १९३५ साली एम. व्ही. गोपालस्वामी यांनी आपल्या नभोवाणी केंद्राला ‘आकाशवाणी’ हे नाव दिले आणि पुढे १९५० च्या दशकात सरकारी नभोवाणीनेही ते स्वीकारले. नाव सुंदर आहे, अर्थवाहीही आहे. मात्र बोलणारा एक आणि ऐकणारे कोट्यवधी, ही या माध्यमाची मूळ रचनाच त्या नावात नकळत नोंदली गेली आहे.

अशा एकतर्फी व्यवहारात परिभाषेला फार महत्त्व येते. कारण बोलणारा कोणत्या अधिकाराने आणि कोणाच्या पैशाने बोलतो, हे ऐकणाऱ्याला केवळ शब्दांवरूनच ओळखावे लागते. ‘परवाना’ या शब्दापासून आरंभ करू. एके काळी घरात रेडिओ ठेवावयाचा तर टपाल कचेरीत जाऊन वार्षिक शुल्क भरावे लागे. ही कटकट होती, यात शंका नाही. पण त्या शुल्कामुळे श्रोता हा प्रसारणाचा एक धनको ठरत होता. १९८० च्या दशकाच्या मध्यास हे शुल्क रद्द झाले, लोकांना हायसे वाटले आणि खर्चाचा वाढता भार सरकारी तिजोरी व जाहिरातदार यांच्यावर गेला. प्रसारण फुकट झाले असे सर्वांना वाटले. वस्तुतः ते फुकट झाले नव्हते. पैसे देणारा तेवढा बदलला होता.

‘जाहिरात’ हा शब्द मुळात निरुपद्रवी. जाहीर करणे, लोकांस कळविणे, एवढाच त्याचा धात्वर्थ. विविध भारतीवर १ नोव्हेंबर १९६७ रोजी मुंबई, पुणे व नागपूर या केंद्रांवरून जाहिरातींना प्रारंभ झाला, तर दूरदर्शनवर त्या १९७६ साली आल्या. जाहिरात ही जाहिरात म्हणून समोर येते तोवर तिच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. दुकानदाराने आपल्या मालाची स्तुती करावी आणि गिऱ्हाइकाने ती तोलून घ्यावी, हा बाजाराचा जुनाच रिवाज आहे.

खरा पेच ‘प्रायोजित’ या शब्दापासून सुरू होतो. रेडिओ सिलोनवरील ‘बिनाका गीतमाला’ने १९५० च्या दशकातच हा प्रकार भारतीय श्रोत्यांच्या अंगवळणी पाडला होता. १९८४ साली ‘हम लोग’ ही मालिका आली, तेव्हा कुटुंबनियोजनासारख्या सामाजिक हेतूला एका खाद्यपदार्थ कंपनीच्या पैशाची जोड मिळाली. मालिका लोकप्रिय झाली आणि प्रायोजकाच्या शेवयाही घरोघरी पोहोचल्या. येथे सीमारेषा सूक्ष्म होते. जाहिरातदार कार्यक्रमाच्या मधली जागा घेतो. प्रायोजक कार्यक्रमाच्या माथ्यावर बसतो. त्याला न रुचणारा विषय मग कोणी निषिद्ध ठरवावा लागत नाही. तो सुचविलाच जात नाही.

या प्रवासाचा पुढचा टप्पा म्हणजे मोबदला घेऊन छापलेली बातमी. २००९ च्या निवडणुकांतील या अपप्रकाराची भारतीय वृत्तपत्र परिषदेने चौकशी केली व २०१० साली त्याविषयी अहवाल स्वीकारला. जाहिरात आपले नाव सांगून येते, प्रायोजक अर्धे नाव सांगतो. ही बातमी मात्र नाव लपवूनच येते. म्हणून तिन्हींत लबाडीची प्रत निराळी आहे आणि तिन्हींना एकच शब्द वापरणे हा भाषेचाही अपराध होय.

‘टीआरपी’ या अक्षरांचीही अशीच गत. निवडक घरांतील यंत्रांवरून कोट्यवधींच्या आवडीचा हा अंदाज बांधला जातो आणि त्यावर जाहिरातीचा दर ठरतो. मुंबईत या आकड्यांतील कथित गैरव्यवहाराचे प्रकरण २०२० साली उघड झाल्यावर वृत्तवाहिन्यांची मानांकने थांबविण्यात आली. ती मार्च २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली. या आकड्यावरून किती जणांनी पाहिले याचा अदमास येतो. पाहिलेले खरे होते काय, उपयुक्त होते काय, हे तो सांगत नाही. पण या व्यवहारात विकला जाणारा माल कोणता, हे त्यातून स्वच्छ दिसते. तो माल म्हणजे प्रेक्षक स्वतः.

मग सरकारने चालविलेले प्रसारण निर्दोष काय? आणीबाणीच्या अनुभवाने त्याचेही उत्तर दिले आहे. तो अनुभव ताजा असतानाच १९७७ साली नेमलेल्या वर्गीस समितीने स्वायत्त प्रसारण न्यासाची शिफारस केली. प्रसारभारतीचा कायदा १९९० साली संमत झाला आणि तो अमलात येण्यास १९९७ उजाडले. ‘स्वायत्त’ हा शब्द कायद्यात आला. पण ज्याच्या हाती तिजोरीची किल्ली, त्याच्यापासून स्वायत्तता किती, हा प्रश्न उरलाच.

या साऱ्या शब्दांना अर्थ देणारे एक वाक्य सर्वोच्च न्यायालयाच्या ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात सापडते. रेडिओ लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे आणि तिचा वापर लोकहितासाठी झाला पाहिजे, असा त्याचा आशय. म्हणजे आकाश ना सरकारचे, ना प्रायोजकाचे. ते श्रोत्यांचे आहे.

मालकाने आपल्या मालमत्तेचा हिशेब विचारावयाचा असतो. शाळेच्या वर्गात व्याकरणासोबत एक दिवस वृत्तपत्राचे पान उघडून यातील बातमी कोणती, जाहिरात कोणती आणि प्रायोजित मजकूर कोणता, एवढे जरी शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून ओळखवून घेतले, तरी पुष्कळ साधेल. पुराणातील आकाशवाणीला प्रश्न विचारता येत नव्हता. आजच्या आकाशवाणीमागे माणसे आहेत आणि त्यांच्यामागे पैसा आहे. ‘हे कोणाच्या खर्चाने?’ हा प्रश्न तिला विचारता येतो आणि तो विचारलाच पाहिजे.